बंद दारामागे कोण?

सांगलीच्या फिल्म सोसायटीत निरंजन कारखानीसांचा प्रायोगिक भयपट लागला. पडद्यावर बराच वेळ नुसतं एक बंद दार. ते काही उघडेना, तसे लोक कंटाळून उठले. दिवे लागताच कारखानीस उरलेल्यांवरच घसरले, "भीती मुरू द्यावी लागते! तुम्हाला धीर कुठाय?"

मागच्या रांगेतल्या विमलताई शेवडे उभ्या राहिल्या. "ह्यांच्या ऑपरेशनच्या दिवशी मी सकाळपासून असंच बंद दार बघत बसले होते. नजर हलली नाही माझी, कारण आत हे होते. तुमच्या दारामागे कोण होतं?"

कारखानीस ओशाळले. "कोणीच नव्हतं."

विमलताईंनी पर्स उचलली. "माझं दार उघडलं आणि डॉक्टर मान खाली घालून बाहेर आले. वाटलं, आणखी थोडा वेळ बंदच राहायला हवं होतं."