मुंगसाची दवंडी

त्या दरीत साप फार होते, म्हणून दरीने आपला एक रखवालदार नेमला होता. राणबा नावाचा मुंगूस. कोणाच्या जाळीत साप शिरला की तिथून हाक यायची आणि राणबा धावायचा. दरीवर सत्ता मात्र कड्याची होती. कड्यावर ससाणे राहत. डोंगरापलीकडून परवानगीवाचून आलेल्यांना उचलून परत नेऊन टाकणे हे त्यांचे काम, आणि असा कोणी दिसला की रखवालदाराने कड्याला कळवायचे, असा रिवाज होता.

गोमी नावाची लावरी पिल्लांसाठी परवानगीवाचून डोंगर ओलांडून आली होती. एका दुपारी ती धापा टाकत राणबाकडे आली.

"दादा, घरट्यात नाग शिरलाय. पिल्लं आत आहेत."

राणबाने नाग मारला. पिल्ले वाचली. गोमीने त्याच्या खांद्यावरच्या जखमेवर चोचीने ओला पाला ठेवला. संध्याकाळी राणबाने रिवाजाप्रमाणे कड्याला कळवले. यात काही वावगे आहे असे त्याच्या मनातही आले नाही.

सकाळी ससाणे आले आणि गोमीला उचलून घेऊन गेले. पिल्ले आईच्या सावलीमागे थोडी धावली, मग गवतात ओरडत बसली. गोमीची बहीण बकुळा त्यांना पंखाखाली घेऊन निघाली.

"तिनं तुला हाक मारली," ती राणबाला म्हणाली, "एवढंच तिचं चुकलं ना?"

त्यानंतर दरीतून हाक येईनाशी झाली. दरीत जन्मलेलेही गप्प झाले, कारण कोणाची सून पलीकडची होती, कोणाचा शेजारी. साप भरल्या पोटाने भर वाटेवर ऊन खात पडू लागले.

अखेर पंचायत बसली. राणबा सगळ्यांआधी बोलला.

"मला साप मारू द्या. कोण कुठून आलं, ते मला बघायला लावू नका."

हा उद्दामपणा आहे, असा कड्यावरून निरोप आला. तरीही पंचायतीने ठरवले, की ससाण्यांचे काम ससाण्यांनी करावे. रखवालदार त्यांना काही सांगणार नाही. राणबाने घसा बसेपर्यंत जाळीजाळीपुढे दवंडी दिली. कोणी डोकावले नाही.

पुढे एका दुपारी करवंदीच्या जाळीतून त्याला फुत्कार ऐकू आला. हाक आली नव्हती, तरी तो धावला. आत बकुळा होती, पिल्ले होती, आणि त्यांच्या पाठीमागे नागाने फणा काढला होता.

"बकुळे, बाहेर ये! मी आता कोणाला काही सांगत नाही गं. तसं ठरलंय!"

बकुळाने पिल्लांच्या चोची पंखाने दाबून धरल्या. फुत्कार तिलाही ऐकू येत होता, पण तिची नजर राणबावरून हलेना. तो एक पाऊल पुढे आला, तशी ती पिल्लांना घेऊन एक पाऊल मागे सरकली.