शिशिरनाथाचा डोळा

एका राज्यात बारा महिने उन्हाळाच नांदत असे, आणि लोकांनी त्याच्याशी जमवून घेतले होते. घरे ताडपत्रांनी शाकारलेली, खिडक्या जाळीच्या, चौकटी कवाडांवाचून मोकळ्या. वाऱ्याने कुठूनही यावे, कुठूनही जावे. कवाड प्रत्येक घरी एकच असे, आणि ते परसात भिंतीकडे तोंड करून उभे असे. घरात कोणी मेले तर ते आणून चौकटीत बसवायचे, सुतक फिटले की पुन्हा परसात नेऊन ठेवायचे. जित्या माणसावर दार लावणे म्हणजे त्याला आपल्या हाताने मेल्यांत मोजणे, असे तिथे मानीत. विस्तवालाही नगरात मज्जाव होता. वेशीबाहेरच्या भटारखान्यांत स्वयंपाक होई, अन्न निवले की केळीच्या पानांत बांधून घरोघर जाई. ऊन ऊन भात तिथे कोणी जन्मात खाल्ला नव्हता, आणि त्याचे कोणाला दुःखही नव्हते.

या राज्याचा शीतलाधिकारी होता शारंगधर. राजवाड्यातले वाळ्याचे पडदे भिजवून घेणे, पंखेकऱ्यांना हुकूम सोडणे, आणि नगरात कोणी चोरून चूल पेटवली तर त्याला चावडीवर उभे करणे, ही त्याची कामे. माणूस चोख होता आणि आपल्या चोखपणाचा त्याला थोडा ताठाही होता. घरी पत्नी सुगंधा आणि प्रवाळा नावाची लहानगी लेक. लेकीवर त्याचा भारी जीव. दुपारी तिला झोप लागेपर्यंत तो स्वतः पंखा हाकीत बसे. पंखेकऱ्यांच्या अधिकाऱ्यानेच पंखा हाकावा, याचे शेजाऱ्यांना हसू येई.

राजवाड्यात सिंहासनाखाली सोन्याच्या डबीत एक शीतमणी होता. राजा उदग्रसेनाच्या आजोबांनी तो उत्तरेच्या पर्वतांतून आणलेला. आणला म्हणजे असे, की आजोबा तिथल्या शिशिरनाथ नावाच्या जादूगाराकडे पाहुणे म्हणून उतरले, आणि तो झोपेत असताना त्याचा डोळा काढून घेऊन आले. त्याला डोळा एकच होता. जाग आल्यावर शिशिरनाथ त्यांच्या पाठीमागून एवढेच बोलला: "झाकून ठेवाल तोवर ठेवा. उघडाल त्या दिवशी मी न्यायला येईन." आजोबांनी सोन्याची घट्ट डबी करवली. तेव्हापासून दरबार गार असे. ही हकीगत राजघराण्यात सर्वांच्या इतकी तोंडपाठ होती की तिचा विचार कोणी करीत नसे.

एके वर्षी वर्षगाठीच्या दरबारात राजाला फार उकडले.

"शारंगधरा, डबी उघड," राजा म्हणाला.

"महाराज, शाप आहे."

"शाप आजोबांना होता. आजोबा गेले. उघड."

शारंगधराने डबी उघडली. आतला मणी पांढरा होता आणि मधोमध निळा. दरबार असा गार झाला की सगळ्यांनी वाहवा केली, आणि शारंगधराला शेला मिळाला.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. उत्तरेकडून करकोच्यांचे थवे आले. ते दर वर्षी येत, पण यंदा खाली न उतरता ओरडत पुढे निघून गेले. मग केळीची पाने एका रात्रीत काळी पडली. तलावाच्या पाण्यावर कातडे धरले, आणि पाणी आजारी पडले असे समजून पुजाऱ्यांनी त्यात दूध ओतले. बोलताना माणसांच्या तोंडातून धूर निघू लागला. हा आपला प्राणच चालला, अशा समजुतीने लोक तोंडावर हात धरून हिंडू लागले. बाजारात खुणांनी व्यवहार होऊ लागले.

मग माणसे थरथरू लागली. थरथरणे म्हणजे ताप, हे त्या राज्यात पोरालाही ठाऊक. राजवैद्यांनी चंदनाचा लेप सांगितला. शारंगधराने कधी नव्हे एवढी तत्परता दाखवली. नगरातल्या प्रत्येक घरी वाळ्याचे ओले पडदे लावले, चौकाचौकांत सरबताचे रांजण मांडले, पंखेकऱ्यांच्या पाळ्या दुप्पट केल्या. प्रवाळा थरथरू लागली तेव्हा त्याने तिला नखशिखांत चंदन फासले, वाळ्याचे सरबत पाजले, आणि दंड दुखेपर्यंत पंखा हाकला. ती "बाबा, पुरे" म्हणाली. तो म्हणाला, "ताप उतरू दे, बाळ." थोड्या वेळाने तिचे थरथरणे थांबले. शारंगधराला बरे वाटले. मग सुगंधाने तिचा हात हाती घेतला, आणि तो लाकडासारखा ताठ लागला.

नगरात घरोघर हेच झाले होते. माणसे बसल्या जागी ताठ होत होती.

शारंगधर परसात जाऊन उभा राहिला. तिथे पंख गारठलेला एक करकोचा भिंतीशी बसला होता.

"पंखा हाकणे बंद कर," करकोचा म्हणाला. "हा ताप नव्हे. ही थंडी आहे."

त्या राज्यात थंडी हा लाडाचा शब्द होता, त्यामुळे शारंगधराला आधी काही उमगले नाही. करकोचा पुढे म्हणाला, "शिशिरनाथ आला आहे. आंधळा आहे. जे घर उघडे लागेल त्यात शिरतो आणि हातांनी डोळा चाचपतो. ज्याला हात लागतो ते गारठते."

"आमची सगळीच घरे उघडी आहेत."

"म्हणून तर तो अजून शोधतो आहे."

"माझी मुलगी?"

"छातीत ऊब आहे. फार नाही."

शारंगधराने हात जोडले. करकोच्याने मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिले.

"तीन कामे आहेत. विस्तव घरात आण. कापूस अंगावर घे. दार लाव. नगरातल्या साऱ्या घरांनी हे केले तर माणसे तगतील. लावलेल्या दाराला शिशिरनाथ हात लावीत नाही, तेवढा तो रीतीचा आहे. मग उघडे एकच घर उरेल."

राजवाड्याला भिंतीच नव्हत्या, नुसते खांब होते. शारंगधराच्या ध्यानात आले.

"पण तिथे गेला तरी डोळा त्याला उचलता यायचा नाही," करकोचा म्हणाला. "ज्या वंशाने काढला, त्या वंशाच्या हातानेच तो परत मिळाला पाहिजे."

शारंगधर धावत राजाकडे गेला. राजा सिंहासनावर पाय पोटाशी घेऊन बसला होता. डबीचे झाकण परत बसवायला त्याने सोनार बोलावले होते, आणि सोनार डबीवर ओणवा होऊन तसाच ताठ झाला होता. शारंगधराने सगळे सांगितले.

राजाने पाय आणखी पोटाशी ओढले. मग म्हणाला, "तो इकडे यायच्या आधी नगर शोधील ना?"

"होय, महाराज."

"नगर मोठे आहे. शोधू दे त्याला."

शारंगधराने आजवर राजाचा शब्द खाली पडू दिला नव्हता. त्या दिवशी तो मुजरा न करता परतला, आणि आपण मुजरा केला नाही हे त्याच्या लक्षातही आले नाही.

तो थेट वेशीबाहेरच्या भटारखान्यात गेला आणि मडक्यात निखारे भरून निघाला. वेशीवरच्या शिपायाने भाला आडवा धरला. "अधिकारीसाहेब, नगरात विस्तव आणू नये, असा आपलाच हुकूम आहे."

"मग तोच हुकूम मी मोडतो आहे. तूही एक मडके घे."

शिपायाच्या मिशा पांढऱ्या पडल्या होत्या आणि त्या म्हातारपणाने पडल्या नव्हत्या. त्याने भाला टाकला आणि मडके घेतले. निखारे घरोघर पोहोचले. ते ठेवायचे कसे हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. कोणी पाटावर ठेवले, तर पाट जळाला. कोणी देव्हाऱ्यात ठेवले. पंखेकऱ्यांनी जन्माच्या सवयीने, एवढे तापलेले आहे तर निववावे म्हणून, निखाऱ्यांवर जोरजोराने वारा घातला. निखारे फुलले, जाळ झाला, आणि ती युक्ती आपली आपण सगळ्या नगराला कळली.

दुसरे काम कापसाचे. कापूस राज्यात अमाप पिके, पण तो सगळा उत्तरेचे व्यापारी घेऊन जात. ते त्याचे काय करतात हे कोणी कधी विचारले नव्हते. तिकडचे लोक तो खातात, असा सर्वसाधारण समज होता. शारंगधराने कोठारे उघडली. बायकांनी मलमलीची लुगडी दुहेरी करून त्यांत कापूस भरला आणि हाताला येतील तसे टाके घातले. एका बाजूला उशीएवढा गोळा, दुसऱ्या बाजूला नुसते कापड, अशा त्या पहिल्या गोधड्या. आंघोळीला अंगावरची वस्त्रे उतरवावीत तशी लाज लोकांना ती पांघरताना वाटली. उरलेला कापूस खिडक्यांच्या जाळ्यांत कोंबला.

तिसऱ्या कामाला मात्र कोणी पुढे होईना. शेजारी आपापल्या चौकटीत गोधड्या लपेटून उभे राहिले आणि शारंगधराकडे बघत राहिले. त्याने परसातले कवाड पाठीवर घेतले आणि घराशी आणले. सुगंधा चौकटीत आडवी उभी होती.

"हे लावाल तर मी तिला मेली समजायची का?" तिने विचारले.

"नाही."

"मग काय समजायचे?"

शारंगधराने कवाड भिंतीशी टेकवले. तो म्हणाला, "मला भीती वाटते आहे, सुगंधा. तुझ्याहून जास्त वाटते आहे. तू आत हो. मीही आत येतो. तिघे एका दाराआड राहू."

सुगंधा बाजूला झाली. त्याने आत येऊन कवाड चौकटीत बसवले आणि अडणा घातला. घरात अंधार झाला, निखाऱ्यांचा लाल उजेड तेवढा उरला. बाहेर कोणाचे तरी कवाड खडखडले, मग दुसरे, मग सगळ्या आळीभर तोच आवाज पसरत गेला. शारंगधराने लेकीला गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतले. जन्मभर ज्या हातांनी तिला गार केले, त्याच हातांनी तो तिचे तळवे चोळू लागला.

बऱ्याच वेळाने कवाडावर धडधड झाली. त्या राज्यात दार वाजवण्याचा प्रसंग आजवर कोणावर आला नव्हता. मेलेल्याच्या दाराशी कोणी हाक घालीत नाही. सुगंधाला वाटले छप्परच कोसळले.

"शारंगधरा, उघड! मी आहे!"

तो राजाचा आवाज होता. शारंगधराने जाळीतला थोडा कापूस काढून बाहेर पाहिले. उदग्रसेन उघड्या अंगावर शेला गुंडाळून उंबऱ्याशी उभा होता. आळीच्या टोकाला ताडाएवढा उंच, पांढरा शिशिरनाथ हात पुढे करून येत होता. प्रत्येक बंद दाराशी तो थांबे, तळहाताने हवा चाचपी, नमस्कार करी आणि पुढे होई.

"महाराज, मणी कुठे आहे?"

"सिंहासनाखाली. आता बोलू नकोस. उघड!"

"तो आणून शिशिरनाथाच्या हातावर ठेवा. मग उघडतो."

"तू माझा चाकर आहेस."

"होय, महाराज."

"तुझ्या राजाला थंडीत मारणार आहेस?"

शारंगधराचा एक हात अडण्यावर होता आणि दुसरा लेकीच्या छातीवर. त्याने जन्मभर त्या माणसाचे मीठ खाल्ले होते. दार उघडावे असे त्याला मनापासून वाटले, लाजेने त्याचे कान तापले. पण हाताखालची ऊब काडीएवढी होती, आणि दार उघडले असते तर तीही गेली असती. त्याने अडण्यावरचा हात काढून घेतला.

"राजवाडा लांब नाही, महाराज," तो रडत रडत म्हणाला. "धावा."

मग अनवाणी पावले दूर गेली.

राजा परतला तेव्हा मणी त्याच्या उजव्या मुठीत होता आणि मूठ निळी पडली होती. शिशिरनाथ आळीच्या मधोमध आला होता. राजाने त्याच्यासमोर जाऊन हात वर केला. बोटे उघडेनात, तेव्हा त्याने ती दुसऱ्या हाताने एकेक करून उघडली.

"हे आपले," राजा म्हणाला.

"माझेच," शिशिरनाथ म्हणाला. त्याने डोळा बसवला, पापणी दोनदा मिटली, आणि भोवती पाहिले. काळ्या पडलेल्या केळी पाहिल्या, बंद दारे पाहिली.

"इथे झाडे हिरवी असतात?"

"असायची."

"पुन्हा होतील," शिशिरनाथ म्हणाला. "एवढ्या वेळात मला पुष्कळ घरे लागली. कोणी बस म्हटले नाही. लोक चांगले असावेत, पण मला त्यांचे बोलणे कळत नव्हते, नुसते दात वाजत होते." एवढे बोलून तो उत्तरेकडे चालू लागला, आणि चालता चालता त्याची सावली आधी, मग तो स्वतः दिसेनासा झाला.

आभाळ मोकळे झाले. ताडपत्रांवरून पाणी ठिबकू लागले. राजवाड्यातला सोनार डबीवरून उठला आणि माझी मजुरी कोण देणार म्हणून इकडे तिकडे पाहू लागला. आळीत घराघरांतून खोकण्याचे, रडण्याचे, हाका मारण्याचे आवाज आले. शारंगधराच्या मांडीवरची गोधडी मात्र हलली नाही. त्याला खाली बघवेना. तो दाराकडेच बघत राहिला.

त्या दाराशी राजा येऊन उभा राहिला होता. त्याच्या उजव्या हाताची बोटे पुढे जन्मभर वळली नाहीत. त्याने डाव्या हाताने कवाडावर हळूच थाप मारली.

"शारंगधरा," तो म्हणाला, "आत येऊ का?"

हा प्रश्न त्या राज्यात आजवर कोणी कोणाला विचारला नव्हता. उत्तर गोधडीच्या आतून आले, झोपमोड झालेल्या चिडक्या आवाजात.

"या. पण दार उघडंच ठेवा. मला फार उकडतंय."

प्रवाळेचे म्हणणे तत्काळ मान्य झाले, आणि त्या दारातून त्या राज्याचा उन्हाळा पुन्हा सुरू झाला.