उपायाला गुण आला

चंदनगडच्या राजवैद्यांना मदतनीस हवा होता. राजा भद्रकेतूने दवंडी पिटवली, “नव्वद गुणांच्या खालच्या कोणीही राजवाड्याची पायरी चढू नये.” नाडी कळते का, हात हलका आहे का, असले फालतू प्रश्न विचारायचेच नाहीत. फक्त गुण बघायचे. गुण बघायला डोके लागत नाही, ही त्यातली मोठीच सोय.

नेमकी त्याच आठवड्यात राजाला उचकी लागली. तीन दिवस थांबेना. उचकी लागली की कोणीतरी आठवण काढते म्हणतात. पण या राजाची इतकी आठवण कोण काढणार?

पंच्याण्णववाला आला. त्याने उचकीचे पाच प्रकार घडाघडा म्हणून दाखवले. अठ्ठ्याण्णववाल्याने सहावाही सांगितला. राजा उचक्या देतच राहिला.

चौथ्या दिवशी तुळसा आली आणि पायरीखालीच उभी राहिली. चंदनगडच्याच पाठशाळेतून वैद्यकी शिकून नुकतीच बाहेर पडलेली, गुण अडतीस. परीक्षेच्या आठवड्यात गावात हगवणीची साथ होती. ही रोग्यांच्या उशाशी बसली आणि निम्मी परीक्षा बुडाली. चार दरबारांनी तिला दारातूनच परत पाठवले होते. इथेही नकार आला, तर जन्मभर काकांच्या दुकानात पुड्या बांधायच्या.

“अडतीस?” सदरेवर बसलेला राजा म्हणाला. “सूर्य मावळायच्या आत, उक्, शंभर गुण घेऊन ये. मग बोलू.”

“गुरुजी काशीला गेले, महाराज. गुण देणार कोण?”

“ते तुझं तू बघ. उक्.”

दरबार खो खो हसला. राजाच्या तोंडचा शब्द न् शब्द लिहून त्यावर शिक्का मारायचा, हा चिटणिसाचा नेम. त्याने हेही लिहिले, उचकीसकट.

तुळसाने क्षणभर राजाकडे पाहिले. “महाराज, जाताना गुरुजी पाठशाळेच्या जुन्या वह्या माझ्याकडे ठेवून गेलेत. आपण शिकत होता तेव्हाच्या. आपले गणिताचे गुण वाचून दाखवू?”

राजा पांढराफटक पडला. त्याचा श्वासच अडकला. सगळ्यांनी कान टवकारले. बराच वेळ गेला, पण उचकी काही आली नाही.

“उपायाला गुण आला का, महाराज?” तुळसाने विचारले.

राजाने छाती चाचपली. “आला की.”

“किती आला?”

“किती काय विचारतेस? शंभर टक्के गुण आला!”

चिटणिसाने लिहिले, शिक्का मारला. तुळसाने हात पुढे केला. “तेवढा कागद द्या, चिटणीसकाका. शंभर गुण, खुद्द महाराजांनी दिलेले. आणि सूर्य अजून कासराभर वर आहे.”

राजाला हसू आवरेना. “चढ बाई पायरी. आजपासून तू राजवैद्यांची मदतनीस.” मग तो हळूच म्हणाला, “त्या वह्या मात्र जाळून टाक.”

“कसल्या वह्या, महाराज? पाठशाळेत वाळवीने एक पान शिल्लक ठेवलं नाही.”

राजा पोट धरधरून हसला. त्याने बोटातली अंगठी काढून तिला दिली आणि अठ्ठ्याण्णववाल्याला तिच्या हाताखाली सुंठ कुटायला बसवले.