सरपंचांच्या फोटोचं पोतं

बाटल्या बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. बाजारामागच्या खड्ड्यात एक गोटीसोड्याची बाटली पडून होती. उद्या तो खड्डा मातीने बुजवणार होते. तेवढ्यात कावळा ओरडत आला, "अगं, पंचायतीने निधी दिला! रिकाम्या बाटल्या गोळा करून भट्टीत नेणार!"

बाटलीच्या गळ्यातली गोटी खुळखुळली. "म्हणजे मी पुन्हा नवी होणार!"

दुपारी बाजारात वळू सरपंचांनी बाटल्या गोळा करायच्या केंद्राच्या कमानीचं उद्घाटन केलं. कमानीवर त्यांच्याच फोटोचा भलामोठा फ्लेक्स होता.

"सरपंच, बाटल्या आणायला पोतं?" गाढवीणबाईंनी विचारलं.

"निधी कमानीतच संपला की!"

खड्ड्यातली खुळखुळ थांबली.

गाढवीणबाईंनी फ्लेक्स नजरेनेच मापला. मग हळूच म्हणाल्या, "एवढा देखणा फोटो एकाच जागी का, सरपंच? गल्लोगल्ली फिरवू या की!"

सरपंच खुलले. "फिरवा, फिरवा!"

शिंपी पक्ष्याने लगेच फ्लेक्स शिवून त्याचं पोतं केलं. ते पाठीवर घेऊन गाढवीणबाई आधी खड्ड्यापाशी आल्या आणि त्यांनी बाटलीला तोंडात धरून अलगद आत ठेवलं. सरपंचांच्या हसऱ्या तोंडामागे बसून बाटली भट्टीकडे निघाली, आणि वाटभर तिची गोटी खुळखुळत राहिली.