कोंडाजीच्या जीपचा दोष

"उस्ताद, गाडी माझ्यासमोर दहा वेळा सुरू होते आणि त्याच्यासमोर होत नाही. मग दोष कुणाचा, गाडीचा की माणसाचा? तुम्हीच सांगा."

गजेंद्रने हे विचारलं तेव्हा दस्तगीर मिस्त्री जमिनीवर बसून पाने-पकडी पुसत होते. घाटाखालचं ते गॅरेज त्यांचं होतं. गजेंद्र त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं शिकला होता, आणि आता गिऱ्हाइकं त्यांच्याआधी त्याचंच नाव घेत.

"कुठली गाडी?"

"घाटावरच्या मुलींच्या वसतिगृहाची जीप. सकाळी सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही म्हणे. बोर्डाच्या पेपरला पोरी पाऊण तास उशिरा पोचल्या. रेक्टरबाईंनी गाडी माझ्याकडे पाठवली. मी पाहिली आणि लिहून दिलं."

"काय लिहिलंस?"

"गाडीत दोष नाही. चालकाची पद्धत चुकीची."

"मग?"

"मग काय... कोंडाजीला काढलं. परवा सकाळी नवा माणूस येतोय."

उस्तादांनी पाना खाली ठेवला.

"जीप इथे कशी आली?"

"कोंडाजीनेच आणली."

"चालवत?"

"चालवतच आणणार ना उस्ताद! डोक्यावर घेऊन येईल का?"

"म्हणजे बारा किलोमीटर धावून आलेल्याला तू विचारलंस, सकाळी जाग येते का?"

गजेंद्र हसला. उस्ताद हसले नाहीत.

"उद्या पहाटेच्या एसटीने वर जाऊ."

वसतिगृहाच्या अंगणात धुकं होतं. जीप चढावर, तोंड वर करून उभी होती. कोंडाजी मेंगाळ कानाला मफलर गुंडाळून बाजूला उभा होता. मागच्या खोलीत त्याची बायको भांडी पोत्यात भरत होती. नोकरीबरोबर खोलीही जाणार होती.

"या मिस्त्री," तो गजेंद्रला म्हणाला. "आज काय लिहून आणलंय?"

गजेंद्रने तोंड फिरवलं.

"चावी मारू का?" त्याने विचारलं.

"थांब," उस्ताद म्हणाले.

त्यांनी बॉनेट उघडलं. इंजिनावर तळवा ठेवला. गार. मग डिझेलचा हातपंप अंगठ्याने दाबला. तो सहज आत गेला, फुग्यासारखा.

"दाब."

गजेंद्रने दाबला. पोकळ. पुन्हा दाबला. वीस-बावीस वेळा दाबल्यावर पंप कडक झाला.

"आता मार चावी."

जीप पहिल्याच चावीला सुरू झाली.

"रात्रभर पाइपात एअर घेते," गजेंद्र हळूच म्हणाला. "डिझेल टाकीत परत जातं. सकाळी पाइप रिकामा... दिवसभर मग काहीच दिसत नाही."

उस्तादांनी फिल्टरच्या सांध्यावरून बोट फिरवलं. बोट डिझेलने ओलं झालं. त्यांनी ते गजेंद्रपुढे धरलं.

"फिल्टर कुणी बदलला होता?"

"...मी. दिवाळीत."

"सांध्यातला वॉशर?"

गजेंद्र फडकं शोधू लागला.

"नवा घातलास की तोच उलटा करून बसवलास?"

"उलटा करून. चालतो उस्ताद, सगळेच तसं करतात."

"मी शिकवलं होतं?"

"...तुम्हीच. पहिल्या वर्षी."

उस्तादांनी ते बोट स्वतःच्याच सदऱ्याला पुसलं. त्यांनी खिशातून तांब्याचा नवा वॉशर काढला, गजेंद्रच्या हातावर ठेवला आणि त्याची मूठ मिटली.

"हा आज बसवायचा नाही."

"काय?"

"आधी बाईंकडे जा, खरं सांग. गाडी आहे तशी राहू दे."

"बिघडलेली सोडून? पाच मिनिटांचं काम आहे!"

"मोठं काम वर आहे. जा."

"तुम्ही सांगा ना, उस्ताद. तुमचं ऐकतील. मी गेलो तर उद्यापासून माझ्याकडे गाडी कोण आणेल?"

"लिहून कुणी दिलं?"

एवढं बोलून उस्ताद कोंडाजीच्या खोलीकडे हात धुवायला गेले. कोंडाजीच्या बायकोने पोत्यातला तांब्या पुन्हा बाहेर काढला आणि त्यांच्या हातावर पाणी ओतलं.

ते परत आले तेव्हा बॉनेट बंद होतं. गजेंद्र फडक्याला हात पुसत होता.

"बाई इकडून गेल्या," तो म्हणाला. "काही सापडलं का, विचारत होत्या."

"आणि?"

"म्हटलं... किरकोळ साफसफाई केली."

"वॉशर?"

"बसवला. गाडी तर नीट झाली ना उस्ताद? पोरींचा प्रश्न मिटला."

उस्ताद वसतिगृहाच्या पायऱ्या चढले. पाच-सात मिनिटांनी उतरले. कोंडाजी पायरीशीच उभा होता.

"काय म्हणल्या बाई?"

"म्हणाल्या, तुमच्याच शिष्याने लिहून दिलंय, आताही तो तेच सांगतोय. उद्या सकाळी नवा ड्रायव्हर चावी मारेल, तेव्हा दिसेलच."

कोंडाजीने गजेंद्रकडे पाहिलं. शिवी द्यायला तोंड उघडलं... आणि मिटलं.

"दिसंल," तो म्हणाला. "चांगलंच दिसंल."

तो खोलीत गेला.

एसटीच्या थांब्यावर गजेंद्र उस्तादांपासून चार हात दूर उभा राहिला. बराच वेळ गाडी आली नाही.

"उस्ताद, काहीतरी बोला."

"गाडी बिघडलेली होती तोवर कोंडाजीकडे एक साक्षीदार होती," उस्ताद म्हणाले. "तीही तू गप्प केलीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या ड्रायव्हरने चावी मारली आणि जीप ताबडतोब सुरू झाली. रेक्टरबाई सगळ्यांना म्हणाल्या, "बघा, शेवटी हाताचाच फरक."