भर दुपारची मोजणी

पूर्वी शालवती नगरीवर राजा चित्रसेनाची सत्ता असताना बोधिसत्त्व तिथल्या अरण्यात सांबराच्या कुळात जन्मला होता. शिंगं एवढी पसरलेली, की एका फाट्यावर बगळे राहत, दुसऱ्यावर राघू, आणि त्यांची एकमेकांशी ओळखही नसे.

एके दिवशी राजाला वाटलं, जनावरांना त्यांचं घर मोजून द्यावं. खुंट्यांच्या आत अभय, बाहेर शिकाऱ्यांची मर्जी. काम रेवतक मोजणीदाराकडे आलं. पहाटेच्या दवानं दोरी आखडते, म्हणून मोजणी भर दुपारीच करायची, ही त्याच्या घराण्याची रीत. दुपारी पाहतो तर काय, झाडून सगळी सांबरं एका टेकडीच्या सावलीत रवंथ करत पडलेली!

"एवढीशीच जागा लागते की यांना!" म्हणत त्यानं टेकडीभोवती खुंट्या ठोकल्या आणि जेवायला गेला.

तीन दिवसांत नदीच्या वाटेवर चार माद्या बाणांनी पडल्या. उरलेला कळप तहानलेला, खुंट्यांशीच खोळंबला.

तेव्हा बोधिसत्त्व रेवतकाच्या अंगणात आला. "मोजणीदारबुवा, तुम्ही आमचं अंथरूण मोजलंत. घर राहिलंच."

"हळू बोल, बाबा! राजानं ऐकलं तर माझी सालटी काढील."

"उद्या उजाडताच दोरी घेऊन माझ्या मागं चला."

रेवतक चालला. सकाळी नदी, मग वेळूचं बन, पलीकडे खारी माती चाटायची दरड, सांजेला मोहाची झाडं. दोरी संपली. त्यानं पागोटं सोडून जोडलं, तेही संपलं. वाटेत पडलेल्या माद्या दिसल्या, त्याही त्यानं एकेक करून मोजल्या. दुसऱ्या दिवशी सांबराला सोबत घेऊन त्यानं दरबारात चूक कबूल केली.

"अरे, हे तर माझं अर्धं राज्य झालं!" राजा म्हणाला. मग ते देखणं सांबर पाहून विरघळला. "तुला एकट्याला सगळीकडे अभय. बाकीचे टेकडीवर."

"मग ते अभय परत घ्या, महाराज. आज नदीवर आम्ही सगळेच जाणार. पहिला मी."

तो शांतपणे निघाला. मागं कळप, आणि काय होतंय ते पाहायला राजाही. नदीकाठी शिकाऱ्यांनी धनुष्यं ताणली. रेवतक पुढं जाऊन सांबराच्या छातीला पाठ लावून उभा राहिला.

"खाली करा ती धनुष्यं!" राजा ओरडला. "आणि खुंट्या उपटा सगळ्या!"

कळप पाणी प्यायला. बोधिसत्त्व सगळ्यांत शेवटी.

एवढी कथा सांगून भगवान बुद्धांनी समोर बसलेल्या भिक्षूंना त्या जन्मीची माणसं ओळखवून दिली: "तेव्हाचा राजा म्हणजे आजचा भिक्षू सुनंद. रेवतक म्हणजे तो मागं बसलेला उपसोम. आणि ते सांबर मीच होतो. आपल्या एकट्याला मिळालेलं अभय जो नाकारतो, त्याच्या ठायी करुणा आहे."