शिळेवरचा कैदी

"पौर्णिमेला माझी शिळा चौकात उभी राहिली पाहिजे! आणि माझ्या पायाशी मी स्वतः पकडलेला कैदी दिसला पाहिजे!" आमच्या माया लोकांच्या नगरीचे राजे बालाम तोक गरजले.

समोर मी, त्यांचा पाथरवट कुमुल, दाराकडे नजर ठेवून उभा. नगरात माझ्याइतका सुबक हात कुणाचा नव्हता, आणि माझ्याइतका भित्रा माणूसही दुसरा नव्हता. राजाच्या कारकिर्दीची दर वीस वर्षं भरली की त्याची शिळा उभारायची आणि राजाने केस धरून पकडलेला माणूस तिच्यावर कोरायचा, ही आमची रीत. पण महाराजांनी वीस वर्षांत एकही लढाई केली नव्हती!

"खोटं कोरलंस तर पूर्वज कोपतील, म्हणून मुंडकं उडवीन," महाराज म्हणाले. "कैदी नसला तर शेजारचे राजे हसतील, तेव्हाही उडवीन!"

मग मला जे उत्तम जमतं तेच मी केलं. पळालो! मावशीच्या मक्याच्या कोठारात जाऊन दडलो. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी महाराज स्वतः शोधत दारापर्यंत आले, आणि नेमकी मला शिंक आली. त्यांनी केस धरून मला बाहेर ओढलं, शिळेपाशी आणलं आणि पायाला दोर बांधला. "आता कोर!"

पौर्णिमेला सगळं नगर जमलं. शिळेवरचं कापड निघालं आणि महाराज भडकलेच.

"हा ढेरपोट्या कोण? असला शत्रू मी कधी पकडला?"

"नीट बघा, महाराज. नाक वाहतंय, केस आपल्या मुठीत आहेत, केसांत मक्याचे दाणे आहेत."

महाराजांनी शिळेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अरे, हा तर तूच!"

"आपण आपल्या हाताने पकडलेला एकुलता एक माणूस! यात तसूभर खोटं असेल तर खुशाल मुंडकं उडवा."

"आणि शेजारच्या राजांनी विचारलं तर?"

"सांगा, एका हाताने ओढून आणला! तेही खरंच आहे."

महाराज इतके हसले की त्यांचा पिसांचा मुकुट कानावर घसरला. "वीस वर्षं राज्य केलं, आणि पकडला कोण? तर सर्दी झालेला पाथरवट!" त्यांनी स्वतः माझा दोर सोडला, आपल्या पेल्यातला फेसाळ कोको मला पाजला आणि नदीकाठचं एक शेत माझ्या नावे केलं.

"पुढच्या शिळेच्या वेळीही पळशील ना रे?" त्यांनी विचारलं.

"मी आत्ताही तयार आहे, महाराज! पण वीस वर्षांनी माझ्यामागे धावणं आपल्याला झेपेल का, तेवढं बघा!"

महाराजांचा मुकुट या वेळी खालीच पडला.